डावं इंजिन, उजवं इंजिन

आमच्या ट्रॅक्टरला स्टिअरिंग नव्हतं. हे सांगितलं की आजची पोरं हसतात, म्हणतात, आजी, मग तो वळायचा कसा? वळायचा. नुसता वळायचा नाही, जागच्या जागी गरकन फिरायचा. त्याला चाकंही नव्हती, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे होते, रणगाड्याला असतात तसे. आणि त्याचं सगळ्यात मोठं नवल म्हणजे त्याला इंजिनं दोन होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ऐन तारुण्यात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तिथून सुटल्यावर मोडीत निघालेले दोन जुने पट्ट्यांचे ट्रॅक्टर त्यांनी मिळवले. दोन्हींचे सांगाडे कामातून गेले होते, इंजिनं मात्र जिवंत होती. आबांनी आमच्या घरामागच्या चिंचेखाली वर्षभर खपून एक नवा रुंद सांगाडा जुळवला आणि त्यावर ती दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी बसवली. डावं इंजिन डावा पट्टा ओढायचं, उजवं इंजिन उजवा. गावानं त्या यंत्राला नाव दिलं ‘जोडी’. बैलांची असते तशी.

मधल्या लोखंडी खुर्चीवर बसलं की दोन्ही हातांखाली दोन उंच दांड्या यायच्या. या क्लचच्या दांड्या. डावी दांडी मागं ओढली की डाव्या इंजिनाची ओढ तुटायची, पट्टा मोकळा पडायचा. सोडली की पट्टा पुन्हा ओढायला लागायचा. उजवीचंही तसंच. पायांखाली दोन ब्रेक, एकेका पट्ट्याचा एकेक. डावीकडं वळायचं तर डावी दांडी ओढायची, डाव्या पायानं ब्रेक दाबायचा, म्हणजे डावा पट्टा जागेवर रुतून राही आणि उजवा त्याच्याभोवती यंत्राला फिरवून आणी. दोन गिअर, दोन रेस. दोन्ही रेसच्या कांड्या आबांनी एका आडव्या गजानं बांधल्या होत्या, म्हणजे एका हातानं दोन्ही इंजिनं सारखी चढावीत. पण ती सारखी चढत नसत. डावं थंड प्रकृतीचं होतं, उशिरा तापायचं आणि चढाला मागं पडायचं. ते मागं पडलं की यंत्र आपोआप डावीकडं कलायला लागायचं आणि नांगराची तास, म्हणजे मातीतली रेघ, वाकडी व्हायची. मग उजव्याची दांडी किंचित ओढून त्याला आवरायचं, डाव्याला बरोबरीला येऊ द्यायचं. पट्टा पूर्ण मोकळाही नाही आणि पूर्ण जोडलेलाही नाही, अशा मधल्या जागी दांडी धरून ठेवायची. आबा त्याला अर्धा क्लच म्हणायचे. ते हातात यायला मला दोन हंगाम लागले.

आमचं गाव भीमेच्या उत्तर काठाला, शिरूर तालुक्यात. नदीपलीकडं दौंड तालुका. आमची आळी विहाराच्या मागं, गावाच्या कडेला. पण दिवाळीनंतर आम्ही गावात फारसे नसायचोच. जिथं काम असेल तिथं जोडी जायची आणि जोडीच्या मागं बिनचाकांच्या लोखंडी घसरगाडीवर आमचं घर जायचं. तिच्यावर रॉकेलची पिंपं, हत्यारांची पेटी, दोन बाजा, तवा, परात, आईचा पाटावरवंटा. माझी थोरली बहीण लग्न होऊन गेलेली, भाऊ नव्हता, म्हणून सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी या संसारात सामील झाले. हरळीनं खाल्लेलं रान, बैलांच्या नांगराला दाद न देणारं मुरमाड माळरान, उंचसखल शेतं, हे आमचं काम. आई बांधावर तीन दगड मांडून चूल करायची. बाजरीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कांदा, कधी निखाऱ्यावर भाजलेले बोंबील. काहीही खाल्लं तरी त्याला रॉकेलचा वास असायचा. आई म्हणायची, तुझ्या बापाच्या हातांनी माझ्या पिठाला बाटवलं. हे ती रागानं म्हणत नसे. त्या दोघांचं फारसं बोलणं व्हायचं नाही, पण आबा जेवायला बसेपर्यंत ती कधी जेवली नाही, आणि जोडी बंद होईपर्यंत आबा कधी जेवायला बसले नाहीत.

त्या साली उन्हाळ्याच्या शेवटाला आम्ही नदीपलीकडं होतो. तिथल्या तात्यांचं मोठं रान सपाट करायचं होतं. तात्या म्हणजे त्या वाडीतले बडे बागायतदार, भारदस्त माणूस, बोलायला गोड. त्यांच्या घरून दोन्ही वेळा चहा यायचा, तो आमच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपांतून. आम्ही तो प्यायचो आणि कप विसळून तिथंच ठेवायचो. काम ठरल्यापेक्षा लांबलं, कारण रानात खाली खडक निघाला. आबा रोज आभाळाकडं बघायचे. जोडीला सडकेच्या पुलावरून जायला मनाई होती, पट्टे डांबर उखडून काढायचे. तिला आल्या वाटेनं, नदीच्या पात्रातूनच परत न्यावं लागणार होतं, आणि नदीला पाणी यायच्या आत. आबांनी शेवटचे दोन दिवस जेवणाचीही सुट्टी घेतली नाही.

निघालो त्या सकाळी आभाळ निरभ्र होतं. पात्रात अलीकडच्या बाजूला वाळू, मधे काळ्या खडकाची सपाट फरशी, तिच्यापलीकडं घोट्याएवढी धार आणि मग आमचा काठ. घसरगाडी आम्ही तात्यांच्या बांधावरच ठेवली होती, ती बैलगाडीनं मागाहून यायची होती. आबा जोडीवर, मी त्यांच्या मागच्या फळीवर उभी, आई डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन पायी. वर घाटाकडं रात्रभर पाऊस कोसळला होता हे आम्हाला कुणी सांगायला नव्हतं.

फरशी ओलांडताना जोडीची डावी बाजू फरशीच्या कडेवर आली आणि कडेच्या वाळूत अडकलेलं बाभळीचं ओंडकं पट्ट्याच्या आतल्या, तो फिरवणाऱ्या पुढच्या चक्रात गेलं. पट्टा कुरकुरला. आबांनी दोन्ही दांड्या ओढल्या, मला खुर्चीवर बसवलं, दांड्या माझ्या हातात दिल्या, दोन्ही ब्रेक दाबून धर म्हणाले आणि पहार घेऊन उतरले. इंजिनं चालूच ठेवली, कारण बंद केली तर हँडल मारून, आधी पेट्रोलवर तापवून पुन्हा रॉकेलवर आणायला बराच वेळ जायचा. आबा डाव्या पट्ट्याच्या पुढं आडवे झाले आणि पहारीनं ओंडकं उचकटायला लागले. खुर्चीवरून मला ते दिसत नव्हते, पहारीचा आवाज तेवढा येत होता. आई त्यांच्याजवळ उभी होती. तीच म्हणाली, पाणी आलं का काय हो हे? मी खाली बघितलं. फरशीवर नुसता ओलावा पसरावा तसं गढूळ पाणी सरकत होतं. त्यात काड्या होत्या, फेस होता. आबा म्हणाले, झालंच. आणि ते म्हणत असतानाच कडेखालची वाळू पाण्यानं सुटली आणि सगळी जोडी डावीकडं खचली.

आबा ओरडले नाहीत. आई ओरडली. मी दांड्या तशाच धरून वाकून बघितलं, तर आबांचा डावा पाय गुडघ्याखाली पट्टा आणि फरशी यांच्यामधे गेला होता. पहार हातातून सुटून पाण्यात पडली होती. आबांचं तोंड पांढरं पडलं होतं आणि ते माझ्याकडं नाही, इंजिनाकडं बघत होते. डावं इंजिन खाली गेलं होतं. त्याला ठिणगी देणारा मॅग्नेटो अगदी बुडाशी होता. पाण्याचा एक हबका त्यावर बसला, इंजिन खोकलं, सावरलं, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं. एकटं उजवं चालू राहिलं.

मला तेव्हा जे कळलं ते सांगते, कारण त्यावरच पुढचं सगळं आहे. पुढं जाणं शक्य नव्हतं, पुढं जाणारा पट्टा आबांच्या अंगावरच चढला असता. यंत्र हातभर मागं घ्यायचं, एवढंच करायचं होतं. दोन्ही इंजिनं चालू असती तर दोन्ही गिअर मागचे टाकून मी ते करू शकले असते. आता ओढ फक्त उजव्या पट्ट्याला होती. उजवा एकटा मागं गेला की जोडी सरळ मागं येणार नाही, डाव्या पट्ट्यावर पीळ घेऊन फिरेल. आणि डाव्या पट्ट्याखाली आबांचा पाय होता.

आबांनाही तेच कळलं होतं. ते आईला म्हणाले, “तिला सांग, उजव्याला हात लावू नको. तात्यांकडं जा. बैलं आण, साखळी हाय मागं.”

आई पळाली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती वाळूतून पळत होती आणि मी तिचं पळणं बघत होते. मला हलता येत नव्हतं, कारण ब्रेकवरून पाय काढला असता तर जोडी आणखी खाली सरकली असती. पाणी वाढत होतं. फार जोरात नाही, सावकाश, पण थांबत नव्हतं. आबा कोपरांवर रेलून बसले होते. मी त्यांच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. तेच मधेमधे विचारत होते, गरम झालंय का, रॉकेल किती हाय. मी सांगत होते. आज माझं वय आबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण माणसाचा पाय लोखंडाखाली असताना त्यानं मुलीला रॉकेल किती आहे हे का विचारावं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तात्या आले. स्वतः आले, नोकराला पाठवलं नाही. त्यांची पांढऱ्या बैलांची जोडी होती, चांगली पोसलेली. मागच्या आडव्या गजाच्या डाव्या टोकाला आमची नांगराची साखळी अडकवली आणि तिचं दुसरं टोक जुवाला. बेत सरळ होता. डावीकडून बैलांनी ओढायचं, उजवीकडून उजव्या इंजिनानं, आणि दोन्ही ओढी सारख्या झाल्या की जोडी सरळ मागं येणार. मी डावी दांडी ओढून खिट्टीत अडकवली, म्हणजे डावा पट्टा मोकळा राहील. दोन्ही ब्रेक सोडले. उजव्याचा मागचा गिअर टाकला. आई परत जाऊन आबांच्या डोक्याखाली हात घालून बसली होती, कारण पाणी आता त्यांच्या छातीला लागलं होतं. आबा मला दिसत नव्हते. आई बोलेल ते ऐकायचं आणि मागं वळून बैलांकडं बघायचं, असं ठरलं.

पहिल्या खेपेला बैल हललेच नाहीत. त्यांच्या मागं इंजिन धडधडत होतं, खाली पाणी होतं, ते बिथरून एकमेकांवर आदळायला लागले. तात्या पुढून वेसण धरून त्यांना चुचकारत होते. मी उजवी दांडी थोडी सैल केली, पट्ट्यानं ओढ घेतली, आणि साखळी ढिली असतानाच जोडी फिरली. बोटभरच फिरली असेल. पण आईचा जो आवाज आला त्यानं माझ्या हातातली दांडी आपोआप मागं गेली. मग तिचा आवाज आला, “थांब गं, थांब, थांब.” आबांचा आवाज आला नाही.

तात्यांनी रेस कमी करायला सांगितली, बैलं आवाजाला भितात म्हणाले. मी रेस कमी केली, इतकी की उजवं इंजिन बंद पडायच्या काठावर आलं. बैल थोडे शांत झाले. त्यांनी ओढलं, साखळी ताणली, पण इंजिनात जोर राहिला नाही, पट्टा हलेना, आणि बैलांचे पाय वाळूत रुतायला लागले. पुन्हा रेस वाढवली तर बैल आडवे फिरायचे. असं आम्ही परत परत केलं. प्रत्येक वेळी पाणी थोडं वर आलेलं असायचं. खुर्चीवरून मला आईचे खांदे तेवढे दिसत होते. नंतर तेही ओले दिसायला लागले. मी रडत नव्हते. मला एवढंच वाटत होतं की उजवं बंद पडता कामा नये, आणि दुसरीकडं वाटत होतं की ते बंद पडलं तर बरं, म्हणजे माझ्या हातात काही राहणार नाही.

मग आबांनी हाक मारली. इंजिनाच्या इतक्या आवाजातही ती मला स्पष्ट ऐकू आली.

“सुमे, आता बैलांची वाट बघू नको. पुरी रेस दे आन् उजवं सोड. पाय जाऊ दे.”

मी आईकडं बघितलं. आईनं आबांचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं आणि पाणी त्यांच्या हनुवटीला लागत होतं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “ऐक त्यांचं.”

मी रेसचा गज पुढं ढकलला. उजवं इंजिन असं ओरडलं की त्याचं धुराडं फुटेल असं वाटलं. मी दांडी सोडली. आणि त्या आवाजानं बैल भेदरून घराच्या दिशेनं उधळले. तात्यांच्या हातातून वेसण सुटली, ते वाळूत पडले, साखळी एकदम ताणून कडाडली आणि डावी बाजूही मागं ओढली गेली. जोडी फिरलीही आणि मागंही आली, दोन्ही एकदमच. किती फिरली, किती मागं आली, मला माहीत नाही. आई ओरडली, “निघाला!” आणि मी दांडी ओढून खिट्टीत अडकवली. पुढं जाऊन बघितलं तेव्हा आई आबांना काखेत धरून फरशीवरून ओढत होती आणि त्यांच्यामागं पाण्यात तांबडी रेघ येत होती.

जोडी बंद करायला कुणी थांबलं नाही. आम्ही काठावर पोचलो तेव्हाही उजवं इंजिन चालू होतं. तात्यांच्या गाडीत बाज टाकून आबांना आडवं केलं, तात्यांनी स्वतःच्या धोतराचं पान फाडून पाय बांधला, आणि दौंडच्या वाटेनं बैल हाकले. वाटेत आबा पाणी पाणी करायला लागले तेव्हा तात्यांनी आपला तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. आबा गुंगीतच होते. एकदा डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, बंद केलंस का? मी म्हणाले, न्हाई आबा, चालूच हाय. ते म्हणाले, आता पाणीच करंल बंद. आणि डोळे मिटले.

दौंडच्या दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याच्या वर कापला. डॉक्टर आईला समजावून सांगत होते की बैलांची ओढ मिळाली नसती तर मांडीचं हाडही राहिलं नसतं, आणि उशीर झाला असता तर माणूसच राहिला नसता. आई मान हलवत होती. तिला काय कळत होतं कोण जाणे. बाहेर स्टेशनात गाड्यांची शंटिंग चालली होती, इंजिनाचा आवाज आला की आबा शुद्धीत नसतानाही त्यांचे हात चादरीवर हलायचे, दांड्या ओढल्यासारखे.

आम्ही गावी आलो तेव्हा नदी दोन्ही काठ भरून वाहत होती आणि जोडी तिच्या पोटात होती. आबा दारातल्या बाजेवर पडून राहिले. भेटायला आलेल्या माणसांशी ते धड बोलत नसत. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायला लागली, मीही तिच्याबरोबर. घरात भाकरी होती, तिच्याबरोबर बहुतेक दिवस मीठ-मिरचीच असायची. पण ते सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते आबांचं गप्प बसणं. मी समोर आले की ते कुशीवर वळायचे. मला वाटायचं, त्यांना माझं तोंड बघायला नको, कारण दांडी माझ्या हातात होती. हे मी आईलाही विचारू शकत नव्हते. एका दुपारी ते सरपटत सरपटत घरामागच्या विहिरीपर्यंत गेले आणि काठावर बसून राहिले. आईनं रानातून परत येताना ते बघितलं, खुरपं टाकलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ती काय बोलली मला माहीत नाही. संध्याकाळी दोघं परत आली. त्या दिवसापासून आईनं त्यांना एकटं ठेवलं नाही, एक दिवस ती घरी, एक दिवस मी.

नदी उतरली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. तात्यांनी माणसं आणि बैल लावून जोडी आमच्या काठावर, थेट घरामागच्या चिंचेखाली आणून दिली. ती गाळानं इतकी भरली होती की खुर्चीच्या जागी नुसता चिखलाचा ढीग होता. आबा बाजेवरूनच म्हणाले, शिरूरच्या भंगारवाल्याला सांगावा धाडा. आईनं सांगावा धाडला नाही. दुसऱ्या दिवशी ती घमेलं आणि खराटा घेऊन जोडीपाशी गेली आणि गाळ काढायला लागली. मी तिच्यापाठी गेले. तो सगळा हिवाळा आम्ही दोघींनी चिखल उपसला, रॉकेलनं लोखंड धुतलं. आई प्रत्येक सुट्टा भाग फडक्यावर मांडून ठेवायची, जसा निघाला तशा क्रमानं, भांडी लावते तशी. उजव्याचा मॅग्नेटो मी चुलीच्या उबेला ठेवून वाळवला. पाना फिरवताना कितीदा तरी वाटायचं की हे सगळं वेड आहे, इंजिन उठणार नाही आणि उठलं तरी ते चालवायला कोण आहे.

उजवं उठलं. हँडल आम्ही दोघी मिळून मारत होतो, आणि एका सकाळी ते धूर ओकत, लंगडत का होईना, चालू झालं. आबा कुबडी घेऊन चिंचेपाशी आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते स्वतःहून जोडीपाशी आले होते. थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, “एका सिलिंडरला कुठनं तरी बाहेरची हवा लागतीय. बंद कर, न्हाईतर फोडशील.” दुसऱ्या दिवसापासून ते जमिनीवर बसून काम करायला लागले. डावंही त्यांनी उठवलं.

पण खरा घाव त्यानंतरचा होता. जोडी तयार झाल्यावर आबा कुणाचा हात न घेता वर चढले, खुर्चीवर बसले, दोन्ही दांड्या धरल्या, आणि मग त्यांना कळलं. म्हणजे माहीत होतंच, पण बसल्यावर कळलं. डाव्या ब्रेकवर ठेवायला पाय नव्हता. त्यांनी उजवा पाय आडवा करून तो दाबायचा प्रयत्न केला. पोचला, पण मग उजवा ब्रेक सुटला, जोडी उताराला सरकली आणि चिंचेच्या बुंध्याला जाऊन धडकली. आबा खाली पडले. आम्ही धावलो तेव्हा ते मातीत बसले होते आणि हुंदके देऊन रडत होते. मी त्यांना तोपर्यंत रडताना पाहिलं नव्हतं, पाय कापल्यावरही नाही. आई त्यांच्यासमोर बसली. मी लांब उभी राहिले. मला जवळ जायची भीती वाटत होती. तेच म्हणाले, “इकडं ये सुमे.” मी गेले. त्यांनी माझा हात धरला, उलटा करून तळव्यावरचे घट्टे बघितले आणि म्हणाले, “तवा तू उजवं सोडलंस म्हणून मी हाय. मला तुज्याकडं बघवत न्हवतं ते ह्यासाठी, की मी तुला तसं करायला लावलं.”

एवढंच. मग आईनं आणि मी त्यांना धरून उभं केलं.

परवा माझा नातू, तो तिकडं कारखान्यांच्या भागात खोदकामाच्या मशीनवर ऑपरेटर आहे, मला त्याची केबिन दाखवत होता. एका बोटानं सगळं वळतं, आत गार हवा, गाणी. मी त्याला विचारलं, दोघांना बसायला जागा आहे का? तो हसला. म्हणाला, दोघं कशाला लागतात?

आबांनी त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मधली खुर्ची कापून काढली आणि तिच्या जागी दोन खुर्च्या बसवल्या. रेसचा आडवा गज मधोमध तोडला. उजवी दांडी, उजवा ब्रेक, उजवी रेस त्यांच्याकडं. डावी दांडी, डावा ब्रेक, डावी रेस माझ्याकडं. दोन माणसांनी एक यंत्र हाकायचं, म्हणजे माझं थोडं पुढं गेलं की त्यांचं मागं, त्यांचं पुढं गेलं की माझं मागं. चिंचेभोवतीच्या मोकळ्या जागेत आम्ही असे काही वेडेवाकडे फिरलो की आळीतली पोरं घरांच्या छपरांवर चढून बघायची. आबांना राग यायचा, मला यायचा. एकदा आई मधे येऊन उभी राहिली आणि दोघांनाही खाली उतरवून जेवायला बसवलं.

पहिलं काम मिळालं ते आईच्या माहेरच्या गावी, निमोण्याला. तिच्या चुलतभावाचं हरळीनं भरलेलं रान होतं, आणि दुसरं कुणी आम्हाला बोलावलंही नसतं. पहिली तास वाकडी गेली. आई चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली. आबांच्या कपाळावरून घाम गळत होता, ते समोर बघत होते. रानाच्या टोकाला आलो. तिथं जोडी उजवीकडं वळवायची होती. एकटा माणूस असता तर हात आपोआप गेले असते. आता एकानं थांबायचं होतं आणि दुसऱ्यानं फिरायचं होतं, आणि एकाची जरी चूक झाली तरी जोडी बांधावरून खाली गेली असती.

आबा म्हणाले, “मी धरून ठेवतो. तू फिर.”

त्यांनी आपली दांडी मागं ओढली, उरलेला पाय ब्रेकवर रोवला. उजवा पट्टा मातीत गच्च उभा राहिला. मी माझी दांडी सोडली आणि रेस दिली, आणि सगळं यंत्र, नांगरासकट, आबांसकट, त्यांच्याभोवती हळूहळू फिरत परत रानाकडं तोंड करून उभं राहिलं.